आठ लेन आणि नववी मुलगी

नैरोबीतल्या कारिओबांगीच्या बाजारात अवीतीचे मासे न खाल्लेला माणूस एखादा सापडेल, पण अवीतीच्या शिव्या न खाल्लेला सापडायचा नाही. लेसोचं रंगीत फडकं कमरेला घट्ट खोचून, हातात लांब चिमटा घेऊन ती कढईसमोर बसायची आणि तेल तापायच्या आधी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. कुणी मासा दाबून बघितला की म्हणायची, "अरे, मेलाय तो! एवढं काय निरखून बघतोस? लग्न लावायचंय का त्याच्याशी?" गिऱ्हाईक हसायचं आणि एकाच्या जागी दोन घेऊन जायचं.

अवीती या नावाचा अर्थच टाकलेली. तिच्या आधीची भावंडं रांगायला लागायच्या आतच गेली, म्हणून ही जन्मली तेव्हा आईने तिला वाटेच्या कडेला नेऊन ठेवलं, आणि शेजारणीने 'ही मला सापडली' म्हणत उचलून परत आणून दिली. मृत्यूला फसवायची आमच्याकडची ही जुनी रीत. मृत्यू फसलाही. अवीती जगली, तिच्या पाठचा ओबुरा जगला, धाकटा ओलांगही जगला. ओबुराला तर तिनेच पाठीशी बांधून वाढवलं. "माझ्या पाठीवर मुतून मोठा झालाय हा," असं ती त्याच्या दोस्तांसमोर सांगायची आणि सहा फुटी ओबुरा मान खाली घालून हसायचा.

ओबुरा तिकडे लांब, मोठ्या तळ्याकाठी, म्बिटाच्या किनाऱ्यावर होडी चालवायचा. रोज संध्याकाळी त्याचे मासे बर्फाच्या पेटीतून नैरोबीच्या बसवर चढायचे आणि पहाटे अवीती ती पेटी उतरवून घ्यायची. बहीणभावांचं खरं बोलणं त्या पेटीतूनच चालायचं. मासे मोठे असले की भाऊ खुशीत आहे. लहान असले की वारा वाईट होता. पेटीत कोपऱ्यात कागदात गुंडाळलेला एखादा वेगळा, चांगला मासा असला की तो बेरिलसाठी. फोनवर मात्र दोघंही ओरडून बोलायची आणि लगेच ठेवायची.

बेरिल ही ओबुराची मुलगी. तिची आई लवकर गेली. अवीतीला मूलबाळ नव्हतं, नवराही उरला नव्हता, तेव्हा ओबुराने पोरीला शाळेसाठी नैरोबीला आत्याकडे पाठवलं. पोर किनाऱ्यावर वाढलेली, होड्यांच्या मधून सुळसुळ पोहणारी. बापाला मात्र पोहता येत नव्हतं. तिथल्या बहुतेक कोळ्यांना येत नाही, आणि त्याची लाजही कुणाला वाटत नाही. "पोहायचं माशांनी. आपण वर बसून जाळं ओढायचं," असं ओबुरा म्हणायचा आणि पोरगी पाण्यात दिसली की काठी घेऊन किनाऱ्यावरून ओरडायचा.

नैरोबीच्या शाळेत पोहण्याचा तलाव होता आणि तलावावर गाथोनी नावाची कोच होती. तिने या पोरीचे हात बघितले आणि तिला सोडलंच नाही. अवीतीचं आणि गाथोनीचं पहिल्या दिवसापासून वाजायचं. "तुम्ही डोंगरातली माणसं," अवीती म्हणायची, "माशाच्या काट्याला घाबरता, आणि आमच्या पोरीला पाणी शिकवता!" गाथोनी शांतपणे म्हणायची, "तिला पाणी येतं हो, अवीतीताई. मी फक्त सरळ जायला शिकवते." भांडता भांडता दोघींचं जमून गेलं. बेरिल चारशे मीटर फ्रीस्टाइल पोहायला लागली. ते एका झपाट्यात संपवायचं अंतर नाही आणि रेंगाळून काढायचंही नाही. सुरुवातीला जीव राखायचा आणि शेवटी राखलेला सगळा उधळायचा. पोरीला ते बरोबर जमायचं.

आसपासच्या दहा-बारा देशांची स्पर्धा नैरोबीतच कसारानीच्या तलावावर भरली आणि तिच्यासाठी बेरिलची निवड झाली, तेव्हा ओबुराने किनाऱ्यावरच्या एकेका होडीपाशी जाऊन ते सांगितलं. "माझी पोर देशासाठी पोहणार!" लोक म्हणाले, "तुझी? तू तर बादलीत बुडशील!" तो म्हणाला, "म्हणूनच तर. घरात एकाला तरी यायला हवं." हे अवीतीला ओलांगने फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की कढईतला मासा करपला.

हीटच्या, म्हणजे पहिल्या फेरीच्या, दिवशी पहाटे ती नेहमीप्रमाणे बसवर गेली. तिथून परस्पर तलावावर जायचं होतं. कालच्या पेटीतला मासा तळून पोरीचं जेवण रात्रीच डब्यात भरलं होतं. बस आली, पोती उतरली, कोंबड्या उतरल्या, पेटी काही उतरेना.

"माझी पेटी कुठाय रे?"

"नाही आज, मावशी." कंडक्टर ताडपत्रीची घडी घालत होता. ती घातलेली घडी त्याने पुन्हा उलगडली.

"नाही म्हणजे? विसरलास की वाटेत विकून खाल्लीस?"

"काल होड्याच निघाल्या नाहीत."

आमच्या किनाऱ्यावर होड्या एकाच कारणाने थांबतात. पाण्याने कुणाला नेलं की तो सापडेपर्यंत कुणी जाळं टाकत नाही. होड्या जातात त्या फक्त शोधायला. मग चुली थंड राहोत, पोरं उपाशी राहोत.

कोण, असं तिने विचारलं नाही. ती मनातल्या मनात नावं घ्यायला लागली. तो पिणारा जुमा असेल. ती गळकी होडी घेऊन जाणारी पोरं असतील. एकेकाच्या पोराला ती मनात पाण्यात ढकलत गेली आणि ओबुराच्या नावाशी येऊन प्रत्येक वेळी मागे फिरली. तेवढ्यात ओलांगचा फोन आला.

"ताई, ओबुराची होडी उलटली. काल पहाटे. बरोबरचे दोघं लाकडाला धरून राहिले, ते सापडले. तो नाही."

"काल पहाटे? आणि आज सांगतोस?"

"वाटलं बेटाला लागला असेल कुठे. सगळा किनारा शोधतोय, ताई. बेरिलला तू सांग. आणि निघा दोघी."

मरणाची बातमी कानावर पडली की आमच्या बायका तिथल्या तिथे हंबरडा फोडतात. रस्ता असो, बाजार असो, तो दाबायचा नसतो. त्यात सख्खी बहीण असली तर पहिला आवाज तिचा. तिने तोंड उघडल्याशिवाय बाकीच्यांनी काय रडायचं? अवीतीने तोंड उघडलं. मग लेसोचा पदर त्यात कोंबला आणि तशीच उभी राहिली. कंडक्टरने तिला पोत्यावर बसवलं, पाणी आणून दिलं. ते तिने हातातच धरून ठेवलं.

पदर तोंडातून काढला तेव्हा तिचं ठरलं होतं. पोर सकाळी पोहणार. चारशे मीटर, संपलं की बाहेर. फायनलला काही ती जायची नाही, हे गाथोनीनेच सांगून ठेवलं होतं. 'तिथे येणाऱ्या मुली फार पुढच्या आहेत, हिने आपलं चांगलं पोहून यावं, बस्स.' मग पोहून झालं की सांगू आणि निघू. बापाने साऱ्या किनाऱ्याला सांगितलेलं तेवढं तरी होऊ दे. आणि अजून तो सापडला कुठाय? सापडला नाही तोवर गेला कसा म्हणायचा? असं सगळं तिने स्वतःला समजावलं. पोरीच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, हेही त्यात होतंच, आणि ते तिला ठाऊक होतं.

बेरिलला दुसरीकडून कळायची भीती नव्हती. संघातल्या मुली आठवडाभर वसतिगृहावर होत्या आणि स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांचे फोन गाथोनीच्या पिशवीत जमा व्हायचे.

कसारानीच्या गॅलरीत आईबाप थर्मास आणि झेंडे घेऊन बसले होते. अवीतीच्या शेजारी युगांडाहून आलेली एक गुबगुबीत बाई होती. तिने न विचारताच चहा ओतून दिला. "तुमची कुठली?" "ती. पहिल्या लेनमधली." "अगदी काठाला दिलीय हो बिचारीला." "कोळ्याची आहे. काठाचं तिला काही नाही."

बेरिलने उडी मारायच्या ब्लॉकवर चढायच्या आधी गॅलरीत आत्याला शोधलं आणि हात हलवला. अवीतीनेही हलवला. शिट्टी झाली, सगळ्या वाकल्या, आणि पाण्यात गेल्या.

पोरगी छान पोहत होती. पहिले दोनशे मीटर ती सहावी होती, घाई नाही, धडपड नाही. अवीतीला मात्र पाण्याकडे बघवेना. निळं, आरपार दिसणारं, तळाला काळ्या रेघा मारलेलं पाणी. यात कुणी हरवायचंच नाही. इथे आठ पोरींसाठी काठावर इतके पांढऱ्या कपड्यातले लोक डोळ्यांत तेल घालून उभे, आणि तिकडे माझा ओबुरा एवढ्या काळ्या पाण्यात एकटा, असं तिच्या मनात आलं आणि तिने पदर दाताखाली धरला.

शेवटचा टर्न झाला. बेरिलने राखलेलं सगळं सोडलं. एकीला मागे टाकलं, आणि मग पलीकडच्या लेनमधल्या रवांडाच्या मुलीच्या खांद्याला खांदा आला. गॅलरी उभी राहिली. युगांडाची बाई स्वतःची पोरगी या हीटमध्ये नसताना ओरडायला लागली. अवीतीही उठली, तिचा पदर सुटला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो पहाटेपासून अडकलेला आवाज होता. लांब, उंच, थरथरत जाणारा. म्बिटाच्या कुठल्याही बाईने तो ऐकला असता तर हातातली घागर टाकून धावत आली असती. इथे लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काय आवाज आहे हो तुमचा!" युगांडाची बाई हसत म्हणाली आणि तीही तिच्या सुरात ओरडली. बेरिलचा हात रवांडाच्या मुलीच्या आधी भिंतीला लागला. अवीतीला आपला आवाज थांबवता येईना, आणि शेजारचे सगळे तिच्या भोवती आनंदाने ओरडत होते.

तिन्ही हीट संपल्यावर पाटीवर नावं लागली. फायनलला आठ जणी. बेरिल नववी.

गाथोनी धावतच वर आली. "नववी! अहो, मी तर पंधरावी-सोळावी धरून चालले होते. राखीव आहे आता! कुणी माघार घेतली तर संध्याकाळी फायनल!" मग तिने अवीतीचं तोंड बघितलं. "काय झालं?"

अवीतीने सांगितलं. गाथोनी पायरीवरच बसली.

"सांगा तिला," ती म्हणाली. "आत्ता. मी गाडी बघते. आत्ता निघालात तर अंधाराच्या आत पोहोचाल."

"राखीव आहे म्हणालात ना?"

"राखीव म्हणजे नुसतं थांबायचं असतं, ताई. बहुतेक वेळा काहीच होत नाही."

"आणि कधी होतं?"

गाथोनी खरं बोलणारी बाई. तिने खोटं बोलायला हवं होतं. "युगांडाची एक मुलगी सकाळपासून उलट्या करतेय म्हणतात," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने ओठ चावला.

त्या एका वाक्याने घात केला. सकाळी अवीतीला काही मागायचं नव्हतं, नुसतं उरकायचं होतं. आता तिला आशा लागली. भावाला परत मागण्यात अर्थ नाही, पण ही एक गोष्ट मिळण्यासारखी दिसत होती. होड्याहोड्यांतून सांगत फिरला होता तो. त्याची पोर फायनलला पोहली, एवढं तरी त्याच्या खड्ड्यापाशी उभं राहून सांगता येईल. "संध्याकाळपर्यंत थांबू," ती म्हणाली. गाथोनी म्हणाली, "मी असते तर सांगितलं असतं." अवीती म्हणाली, "तुम्ही नाही आहात." अवीतीने सांगायला हवं होतं, हे कुणीही म्हणेल. पण तिच्या जागी उभं राहून म्हणावं.

दुपारी बेरिल ओल्या केसांनी जेवायला आली, हसू तोंडावर मावत नव्हतं. अवीतीने डबा उघडला. मक्याच्या पिठाची उगाली, सुकुमाची पालेभाजी आणि तळलेला मासा.

"बाबांनी पाठवलाय?"

"हो."

"हा कागदातला असणार. बघ ना केवढा आहे." पोरीने डोक्यापासून सुरुवात केली, बाप खायचा तशीच. "आत्या, तू खा ना."

"पोट बरं नाही."

"ओरडून ओरडून हवा भरली असेल पोटात. पाण्यात ऐकू आलं मला. शप्पथ! मुली विचारत होत्या, कोण गं ती?" तिने बोटं चाटली. "बाबांना फोन लाव ना. नववी सांगू."

"आता कुठे, गं. तळ्यावर असेल. संध्याकाळी लावू."

"नको, बरोबर आहे. फायनलचं कळल्यावरच सांगू." तिने काटे नीट वेचून एका बाजूला ठेवले. एवढ्या मोठ्या माशाचे थोडेसेच काटे उरले. मग ती बाकावर आडवी झाली, तोंडावर टॉवेल घेतला आणि झोपली. राखीव मुलीने विश्रांती घ्यायची असते, कोचने सांगितलं होतं.

ती झोपलेली असताना ओलांगचा फोन आला. अवीती उठून भिंतीपाशी गेली.

"सापडला, ताई. लव्हाळ्यात अडकला होता." मागे माणसांचा गलका होता. "वडीलधारे म्हणतात, पाण्यातून आलेल्याला ठेवायचं नाही, आजच माती द्यायची. उजेड आहे तोवर थांबायला लावलंय मी त्यांना. कुठवर आलात?"

अवीतीने बाकाकडे बघितलं. टॉवेल पोरीच्या श्वासाबरोबर वरखाली होत होता.

"नारोकच्या पुढे," तिने वाटेतल्या गावाचं नाव घेतलं.

"मग येताय. या. ड्रायव्हरला सांग जोरात आण म्हणावं."

फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. आता उठवून सांगितलं, आत्ताच्या आत्ता निघालं, तरी उजेडात पोहोचणं व्हायचं नव्हतं. वेळ सकाळीच हातातून गेली होती, आणि ती तिने स्वतःच्या हाताने घालवली होती. मग आता निदान पोहू तरी दे हिला, असं तिच्या मनाने पुन्हा म्हटलं. चुकलेल्या वाटेवर माणूस जास्त जोरात चालतो तसं झालं तिचं. ती देवाजवळ त्या युगांडाच्या पोरीच्या उलट्या मागायला लागली. गॅलरीतल्या त्या गुबगुबीत बाईच्या चहाची चव अजून तोंडात होती, आणि ही कुणास ठाऊक तिचीच पोर असेल, तरी मागत राहिली.

संध्याकाळ झाली. बेरिलने अंग मोकळं केलं, पोहायचे कपडे घातले, वर ट्रॅकसूट चढवला आणि ब्लॉकमागच्या खुर्च्यांपाशी जाऊन उभी राहिली. आठ खुर्च्या होत्या. सात भरल्या. आठवीकडे गाथोनी बघत होती, अवीती वरून बघत होती, बेरिल बघत नसल्यासारखं करत होती. तिने ट्रॅकसूटची चेन अर्धी खाली ओढली. गॅलरीच्या मागे उन्हं उतरत होती. म्बिटाला याच वेळी याच उन्हात माणसं खड्ड्याभोवती उभी असणार, हे अवीतीला दिसत होतं.

मग युगांडाची मुलगी आली. फिकट पडली होती, पण चालत आली, आणि आपल्या खुर्चीवर बसली. पांढऱ्या कपड्यातल्या एका माणसाने बेरिलला हाताने बाजूला व्हायची खूण केली. बेरिलने चेन वर ओढली.

फायनल झाली. आजारी मुलगी शेवटची आली.

बेरिल वर आली ती हसतच. "जाऊ दे, आत्या. पुढच्या वर्षी आठवी येते बघ. चल, बाबांना लाव फोन."

"ओबुरा गेला," अवीती म्हणाली. दिवसभर मनात जुळवलेले सगळे शब्द गळून पडले आणि एवढेच उरले. "होडी उलटली. काल पहाटे."

बेरिलचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावरच राहिलं, नुसतं, काही अर्थ नसलेलं. "काल?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"आज पहाटे. बसवर."

खाली कुणाला तरी पदकं देत होते, टाळ्या पडत होत्या.

"म्हणजे सकाळी तू ओरडत होतीस ते."

"हो."

"सकाळचं ठीक आहे," बेरिल म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मीही कदाचित सांगितलं नसतं. पण मी जेवत होते तेव्हा? तो मासा?" अवीतीने मान हलवली. "मी झोपले तेव्हा?"

"पोरी, मला वाटलं, तू फायनल—"

"त्या रवांडाच्या मुलीला मी मागे टाकलं नसतं तर दहावी आले असते. आपण गेलो असतो." तिने हात पुढे केला. "फोन दे."

अवीतीने दिला. बेरिलने नंबर लावला आणि कानाला धरला. पलीकडून ओलांगचा आवाज इतका मोठा होता की अवीतीलाही ऐकू येत होता. त्याने कोण आहे ते विचारलंच नाही.

"ताई, कुठे राहिलात गं? होमा बे आलं का? थांबलो होतो आम्ही. सगळ्यांची मूठ मूठ माती टाकून झाली, तरी मी खड्डा बुजवू दिला नाही. म्हटलं, नारोकच्या पुढे आल्यात, पोरीची मूठ राहायला नको. म्हातारे ओरडायला लागले, काही दिसेना, तेव्हा शेवटी बुजवला. ताई, ऐकतेस ना? कुठे आहात?"

"काका, मी बेरिल," ती म्हणाली.

"बेरिल? बाळा… कुठवर आलीस तू?"

बेरिलने आत्याकडे बघितलं.

"कसारानीत आहे, काका," ती म्हणाली. "आम्ही निघालोच नाही."